मसणवट्यातला आढळ

गावाहून आलेल्या जालिंदरने टेबलावर ठेवलेला दगड शहादेवने उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि सवयीने त्याला जीभ लावली. भूगर्भवाल्यांचं हे असंच असतं. कोरडा दगड मुका. ओला केला की रंग वर येतात, कण सुटे सुटे दिसायला लागतात, आणि पाणी शोधत बसण्यापेक्षा जीभ जवळची. नागपूरच्या त्या ऑफिसात साहेबापासून शिपायापर्यंत कुणाला त्यात वावगं वाटत नसे. दगड ओला झाला, हिरवा रंग तरारून आला, एका पोकळीच्या काठाला पिवळी टिकली चमकली. "कुठला रे हा?" त्याने विचारलं. जालिंदर म्हणाला, "आपल्या मसनवट्यातला. लिंबाच्या अंगाचा. आपली बारकी लेकरं हायत ना, तिथला."

शहादेवच्या जिभेवर मातीचा कण होता. थुंकावं तर पलीकडच्या टेबलावरून मुळ्ये बघत होते. गिळावं तर काय गिळतोय ते आता ठाऊक झालेलं. लिंबाच्या अंगाला त्याची धाकटी बहीण मनकर्णा होती. बहात्तरच्या दुष्काळात पुरलेली. त्याने गिळलं. गाव याला तांबं-सोनं म्हणतंय असं जालिंदरने सांगितलं, तसा मुळ्यांनी दगड हातात घेतला, उलटासुलटा केला आणि मोठ्याने म्हणाले, "बीडात तांबं? आणि वर सोनं? अहो, ट्रॅपच्या काळ्या फत्तरातून सोनं निघायला लागलं तर मी हे ऑफिस सोडून पाटोद्याला सराफी दुकान टाकतो!" सगळे हसले. शहादेवही हसला. जालिंदरला काही कळलं नव्हतं, पण सगळे साहेब हसताहेत म्हणून तोही हसला.    

चहाच्या टपरीवर जालिंदरने सगळं सांगितलं. गावाला सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. अर्जुनरावांच्या मजूर सोसायटीला पाझर तलावाचं काम मिळालं होतं. तलावाच्या भिंतीला मुरूम लागतो, आणि जवळचा चांगला मुरूम म्हणजे बौद्धवाड्याच्या मसणवट्याचं टेकाड. एका कडेने खणायला घेतलं आणि हे हिरवे दगड निघाले. कुणीतरी म्हणालं तांबं, संध्याकाळपर्यंत त्याचं सोनं झालं. "चेअरमननं काम थांबीवलंय," जालिंदर म्हणाला. "म्हनला, आपला शहादेव त्याच खात्यात हाय. लिवून न्हाई मागत, नुसतं येऊन तोंडानं सांगू दे. तो म्हनंल ते खरं. आयला, शाद्या, अर्जुनराव म्हनला असं! तुझ्या बापाला ज्यानं कधी वट्यावर बसू दिलं न्हाई, त्यो!" जालिंदरच्या आवाजात अभिमान होता, आणि शहादेवला त्या अभिमानाची किळसही आली आणि भूकही लागली. खरं सांगायचं तर भूकच जास्त.

गाडीत रात्रभर त्याला झोप लागली नाही. तो दुसऱ्याच डोंगराचा विचार करत होता. गडचिरोलीच्या पार टोकाला, जिथे बैलगाडीही जात नाही, तिथल्या डोंगरात त्याच्या नोकरीची सगळी उमेदीची वर्षं गेली होती. तिथला खडक खरा म्हातारा. त्याच्यापुढे बीडचा काळा फत्तर म्हणजे कालचं पोर. त्या खडकाला कधीतरी तडे गेले, तड्यांतून खालचं तापलेलं पाणी वर आलं, येताना गारेचा, म्हणजे गारगोटीचा, पांढरा पट्टा टाकत आलं, आणि त्या गारेत तांब्याचं पिवळं धातुक, आणि त्या धातुकाच्या पोटात सोनं. सोनं तिथे चमकत नाही. डोळ्यांना ते दिसतच नाही. शहादेव हातोडी घेऊन तो पांढरा पट्टा धरून चालत राहिला, झाडीत, नाल्यात, हिवतापात. पट्टा कुठे हातभर व्हायचा, कुठे बोटाएवढा, कुठे नाहीसाच व्हायचा. वरिष्ठांना तिथे खाण हवी होती. मुंबईहून माणसं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेली. त्याने शेवटी लिहिलं ते एवढंच, की आढळ आहे, साठा नाही. म्हणजे आहे, दिसतं, पण पोट भरण्याइतकं नाही. त्या एका वाक्यापायी बढती गेली. मुळ्यांना मिळाली. पण शहादेवने आकडा तसूभर हलवला नाही. ज्या माणसाच्या बापाच्या साक्षीला चावडीवर किंमत नव्हती, त्याच्या शब्दावर सरकार डोंगर सोडून देतं, ही गोष्ट त्याला बढतीपेक्षा मोठी वाटली होती. अजूनही वाटत होती.

गाडीने बीड सोडलं तेव्हा उजाडत होतं आणि दोन्ही बाजूंना काळी रानं भाजलेल्या भाकरीसारखी भेगाळली होती. बहात्तर साली तो असाच आला होता, औरंगाबादच्या होस्टेलातून. तेव्हा माय आणि मनकर्णा दोघी खडीच्या कामावर होत्या. अख्खा जिल्हाच खडी फोडत होता तेव्हा. कुणब्याची बाई आणि महाराची बाई एकाच ढिगाच्या दोन अंगांना बसून फत्तर फोडायच्या, मधे फक्त पाण्याची टिपाडं वेगळी. मनकर्णाला हगवण लागली, पाटोद्याच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडी पोचली नाही. त्याला कळेपर्यंत सगळं उरकलं होतं. बापाने, माणिकरावांनी, दारातूनच हात लांब करून सांगितलं, "तिकडं, लिंबाच्या अंगाला." तो गेला नाही. आधी बापाने दुष्काळी कामावर मजुरांना खायला वाटायचे ती सुकडी पुढे ठेवली. मनकर्णाच्या वाट्याची होती ती, ती गेल्यावरही नाव कमी व्हायला वेळ लागला म्हणून मिळालेली. गोड होती. त्याने सगळी खाल्ली. मग सुटी संपली. मग परीक्षा. मग बाप वारला, त्याला नदीकाठी जाळलं. लिंबाच्या अंगाला जायचं राहूनच गेलं. आता गाडीच्या खिडकीशी बसून त्याला वाटलं, तिथे गेलो नाही ते गेलो नाही, जिभेने मात्र जाऊन आलो.

माय दारात बसून होती. दगडाबाई. तिने त्याला पाणी दिलं आणि ते टँकरचं असल्यामुळे अर्धाच तांब्या दिला, आणि अर्धा दिल्याचं तिला वाईट वाटलं हेही त्याला दिसलं. "सोनं हाय का रं?" तिने विचारलं. "नाही माय. सोनं नाही, तांबंही नाही. दगड तापलेला रस होता ना एकेकाळी, त्यात बुडबुडे राहिले. बुडबुड्यांत नंतर पाणी मुरलं आणि हिरवी माती साचली. तिला रंगच तसा. पिवळं ते लोखंड आणि गंधक." माय ऐकत होती. तिला रस, बुडबुडे, काही नको होतं. ती म्हणाली, "मंग न्हाई म्हनून सांगितलंस की काय व्हईल?"  "खणतील," मायच म्हणाली. "मुरूम लागतोय त्येंना. हिरवं निघालं म्हनून थांबलेत. न्हाई म्हनलास की ट्रॅक्टर लावतील. पयली लिंबाचीच बाजू हाय." मग म्हणाली, "मी काय सांगू तुला. तू शिकलेला. पर शहादेवा, तिच्यावरचे दगड मी रचलेत. खडीवरून सुटी झाली की रोज पदरात दोन आणायची. कोल्ही लई व्हती तवा."

दुपारून तो टेकाडावर गेला. अर्जुनराव आधीच येऊन लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, उन्हाने काळा पडलेला पण शांत चेहरा. त्यांचा पुतण्या बद्रीनाथ ट्रॅक्टरला टेकून उभा. बौद्धवाड्यातली माणसं एका बाजूला, गावातली दुसऱ्या. मधे दगडांच्या बुटक्या राशी, माणसांच्या लांबीच्या काही, काही फार आखूड. शहादेवने आखूड राशींकडे बघायचं टाळलं. "या साहेब," अर्जुनराव म्हणाले आणि स्वतःची खुर्ची सोडून उठले. गर्दीतून एक हुंकार फिरला. शहादेव बसला नाही. त्याने आधी सरळ मार्गाने सांगून बघितलं. म्हणाला, "अर्जुनराव, काही निघो न निघो, ही जागा सोडा. आमची माणसं आहेत इथे. मुरूम वरच्या माळाला पण आहे."

"वरच्या माळाचा मुरूम आणायला डिझेल कोण देईल?" अर्जुनराव आवाज न चढवता म्हणाले. "आन साहेब, गायरान हाय हे. कागदावर मसनवटा म्हनून कुठं लिवलंय? काम बंद पडलं तर माझं काय जातंय? सोसायटीत नावं कुनाची हायत? बघा, तुमच्याच लोकांची. विचारा त्येंनाच."

शहादेवने आपल्या माणसांकडे पाहिलं. जाईबाई खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. शेजारपाजारच्यांनी नजर चुकवली. जालिंदर म्हणाला, "काम तर पायजेच की, शहादेवभाऊ." नावं त्यांची, मस्टर त्यांचं, तलावाखालची रानं मात्र अर्जुनरावांची, हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि तरी घरातला कणगा रिकामा होता. अशा वेळी मेलेल्यांची बाजू घ्यायला जिवंत माणसाकडे काय असतं? शहादेवला स्वतःच्या माणसांचा राग आला. मग त्या रागाची लाज वाटली. होस्टेलात त्याने खाल्लेला प्रत्येक घास यांच्यातल्याच कुणीतरी न खाल्लेला होता. आणि त्या रागातून आणि लाजेतून, उन्हात उभं राहून, त्याला ते सुचलं. इतकं सोपं होतं, की आधी का सुचलं नाही असं वाटलं. त्याने वाकून एक हिरवा दगड उचलला, भिंग डोळ्याला लावलं. भिंगात गोल पोकळी दिसली, तिच्या भिंतीला हिरव्या मातीचं अस्तर, आत पांढऱ्या सुया. सुंदर होतं. त्यात काहीही नव्हतं. त्याने भिंग खाली घेतलं.

"तांबं आहे," तो म्हणाला.

लगेच पुढे म्हणाला, "सोनंही असू शकतं. खाली असेल. तपासावं लागेल. जमिनीखालचं खनिज सरकारचं असतं, अर्जुनराव. मी जाऊन कळवतो. माणसं येतील, मशीन येईल. तोपर्यंत इथल्या खड्याला कुणी हात लावायचा नाही. लावला तर केस होईल." हे बोलताना त्याला स्वतःचा आवाज लांबून ऐकू येत होता, कुणीतरी दुसराच शहादेव बोलत असल्यासारखा, जो खोटं बोलायला लहानपणापासून सरावलेला होता. अर्जुनरावांनी दोन्ही हात जोडले. "ऐकलं का रं सगळ्यांनी? साहेब काय म्हनले? बद्रीनाथ, ट्रॅक्टर घे मागं." आणि मग त्याला घरी नेलं, ओसरीवर नाही, आत बैठकीत, आणि कपबशीत चहा दिला. कप फुटका नव्हता. बाकीच्यांच्या कपांसारखाच होता. शहादेवने तो संपवला आणि बशीत सांडलेला थेंबही पिऊन टाकला. संध्याकाळी त्याने मायला सांगितलं, "झालं काम. आता पाचदहा वर्षं कुणी येत नाही तिथे. सरकारी कागद फिरेपर्यंत मी रिटायर होईन." माय त्याच्याकडे बघत राहिली. "खोटं बोललास?" "हो." "बरं केलंस," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. त्या हाताचा तळवा अजूनही खडीसारखाच खरखरीत होता. तो लेकरासारखा झोपला.

सकाळी उन्हं दारात आली तेव्हा त्याला आवाज ऐकू आला. ठक. ठक ठक. फत्तरावर हातोडी. अर्धवट झोपेत त्याला वाटलं आपण औरंगाबादहून आलोय, बाप बाहेर बसलाय, माय कामावर गेलीय. मग आवाज वाढला. एकाचे दहा, दहाचे पन्नास. पहारींचा खणखणाट आणि बायांचं बोलणं, जत्रेसारखं. तो अनवाणी धावला.

सगळं गाव टेकाडावर होतं. आपलं आणि त्यांचं, दोन्ही. उभ्या जन्मात एका पंगतीला न बसलेली माणसं एका खड्ड्यात उभी होती आणि एकमेकांना घमेली देत होती. बद्रीनाथ पहार मारत होता आणि जालिंदर त्याच्यासाठी दगड सरकवत होता. लांब राशी, आखूड राशी, सगळ्या विस्कटलेल्या. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. हिरवं जिथे दिसलं तिथे खणलं होतं. आणि बाया! बहात्तरने त्यांना शिकवलं होतं ते हात विसरले नव्हते. दगड टाचांमध्ये धरायचा, त्याची शीर बघायची, एकच घाव घालायचा. जाईबाई मांडी घालून बसली होती, कपाळावर घाम, तोंडावर हसू, किती वर्षांनी असं हसू. उद्या सरकार येणार. मग जे आहे ते आजच. एवढं साधं गणित शहादेवच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण तो आता पगाराचा माणूस होता आणि उद्याची वाट बघू शकत होता.

"थांबा!" तो ओरडला. "थांबवा! काही नाही इथे! खोटं बोललो मी!"

हातोड्या क्षणभर थांबल्या. जाईबाईने पदराने तोंड पुसलं. "काल व्हतं आन आज न्हाई व्हय? रातीत उडून गेलं?" बाया हसल्या.

"जाईमावशी, शपथ घेऊन सांगतो..."

"का रं शाद्या," जालिंदर खड्ड्यातून वर बघत म्हणाला, "सरकारला द्याला सोनं, आन आमाला द्याला न्हाई?"

"अरे बघ, बघ हे." शहादेवने एक दगड घेतला, पिवळी टिकली चाकूच्या टोकाने उकरून काढली, पाट्यासारख्या सपाट फत्तरावर ठेवली आणि घाव घातला. टिकलीचं काळपट पीठ झालं. "सोनं असतं तर चेपलं असतं. याचं पीठ होतं. गंधक आणि लोखंड. वास घे." जालिंदरने वास घेतला नाही. काळ्या पिठाकडे बघितलं, मग शहादेवकडे, लहानपणी विहिरीवर मार खाताना दोघं एकमेकांकडे बघायचे तसं नव्हे, अर्जुनरावांकडे बघतात तसं. "तू ठेचलंस म्हनून झालं त्याचं पीठ," तो म्हणाला. "साबूत व्हतं तवर सोनंच व्हतं." आणि वाकून पुन्हा पहार घेतली. ठक. ठक ठक. पुन्हा सगळं सुरू झालं. सरकारने मानलेला शब्द इथे एका चाकूच्या टोकावर संपला, आणि त्यात कुणाची चूक शोधायची तर उन्हात उभं राहून शोधावी लागली असती. शहादेव उभा राहिला.

माय केव्हा आली ते त्याला कळलं नाही. ती लिंबाच्या अंगाला माणसांमधून चालत होती, कुणी तिला वाट देत होतं, कुणाला भान नव्हतं. एका जागी थांबली. खाली बघितलं. दोन पावलं मागे आली. पुन्हा खाली बघितलं. तिच्यासमोर नुसता दगडांचा पसारा होता, काळे, हिरवे, फुटलेले, अर्धे फुटलेले, कुठल्या राशीचा कुठला ते आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. "हितं व्हती," ती म्हणाली. मग, "न्हाई. त्या खोडापून थोडी अलीकडं."  तिच्या हातांनी एक दगड उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत रडण्यापेक्षा वाईट असं काहीतरी होतं: आपल्याच घराचं दार न सापडणाऱ्या माणसाचा गोंधळ.

"शहादेवा," ती म्हणाली. "तुला दगडातलं कळतंय. आपली कोनची ते सांग."

तो तिच्या शेजारी बसला. दगड हातात घेतला. एकाच रसाचा, एकाच थराचा, पाटोद्यापासून पार कडा गावापर्यंत हाच. त्याच्या सगळ्या विद्येला यातल्या दोन दगडांत फरक सांगता आला नसता. माती चाळली तर काही निघेल का, हाही विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि निघालं तर ते कुणाचं हेही सांगता येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. गडचिरोलीच्या डोंगरात त्याने आकडा तसूभर हलवला नव्हता. माय वाट बघत होती. तिने त्याला घाई केली नाही. साहेब माणसं तपासतात, मग सांगतात, हे तिला माहीत होतं.

त्याने खोडाच्या अलीकडे, जिथे अजून कुणी पोचलं नव्हतं, तिथे हात ठेवला. माती गरम होती.

"इथे," तो म्हणाला.

कशावरून, ते तिने विचारलं नाही. ती खाली बसली, लुगडं गुडघ्यांखाली सारलं आणि हाताशी येतील ते दगड ओढायला लागली. शहादेवही आणू लागला. मागे हातोड्या चालूच होत्या, कुणीतरी "सापडलं, सापडलं!" म्हणून ओरडलं आणि माणसं तिकडे पळाली. त्याने आणलेला एक दगड मायने रचता रचता बाजूला काढला, दुसरा घेतला.

"असं न्हाई," ती म्हणाली. "मोठे खाली लाव. बारके वर. कोल्ह्यानं उकरलं न्हाई पायजे."